कावेरीकाठचे निनावी मूल

म्हैसूरहून बंगळूरच्या रस्त्याने निघाले की सुमारे पंधरा किलोमीटरवर कावेरी नदी दुभंगते आणि तिच्या दोन प्रवाहांच्या कुशीत श्रीरंगपट्टणचे बेट लागते. येथे येणारा प्रवासी रंगनाथस्वामींचे दर्शन घेतो, दर्या दौलत बागेतील भित्तिचित्रे पाहतो, हैदर व टिपू यांच्या गुंबजापुढे क्षणभर उभा राहतो आणि संगमावर जाऊन परततो. या नेहमीच्या वाटेबाहेर, नदीच्या काठाने, दोन स्थळे आहेत. एक आहे पडक्या अवस्थेतील एक जुना बंगला. दुसरी आहे इंग्रज फौजेची जुनी दफनभूमी. या दोन स्थळांना एका कुटुंबाची हकीकत जोडते. त्या कुटुंबाने येथे एक मूल गमावले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या मुलाची खरी कहाणीही गमावली. ती कशी हरवली आणि पुन्हा कशी हाती लागते, हे पाहण्यासारखे आहे. कारण तिच्यातून जो बोध निघतो तो आपल्याही घरांना लागू पडतो.

स्कॉटचा बंगला

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा किल्ला पडला आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. म्हैसूरच्या गादीवर वडियार घराण्यातील पाच वर्षांच्या मुम्मडी कृष्णराजांची स्थापना झाली व राजधानी म्हैसूरला गेली. बेट मात्र कंपनी सरकारने स्वतःकडे ठेवले. किल्ल्यात फौज राहिली, तिच्यासोबत अधिकाऱ्यांची कुटुंबे आली आणि तोफांचे गाडे तयार करण्याचा एक कारखानाही निघाला. या कारखान्याची देखरेख स्कॉट नावाच्या अधिकाऱ्याकडे होती. नदीकाठचा तो बंगला त्याचाच होय.

या बंगल्याची दंतकथा अशी सांगतात. कर्नल स्कॉट एके दिवशी कामगिरीवरून घरी परतला. घरात पाहतो तो पटकीने घाला घातलेला. पत्नी आणि लाडक्या मुली, सर्व निष्प्राण. स्कॉटने घरातील एकाही वस्तूला हात लावला नाही. आल्या पावली तो बाहेर पडला व पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्याने कावेरीत देह टाकला असे कोणी म्हणतात. तो वेडाच्या भरात रानावनांत निघून गेला असे दुसरे सांगतात. पुढे म्हैसूरच्या महाराजांनी आज्ञा केली की, बंगला जसाच्या तसा राखावा. त्यामुळे पलंग, मेज व खुर्च्या धूळ खात वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वॉल्टर येल्डम या लष्करी अधिकाऱ्याने ‘अलिफ चीम’ या टोपणनावाने या ओसाड बंगल्यावर एक कविता लिहिली, आणि ही कथा हिंदुस्थानातील इंग्रजांच्या घरोघरी पोहोचली. वाटाड्यांच्या तोंडून ती आजही ऐकावयास मिळते. सांगणारा बदलला की मुलींची संख्या बदलते. एक गोष्ट मात्र कोठेच बदलत नाही. या कथेतील मुलांना नाव नाही, आणि आईलाही नाही. ती केवळ ‘स्कॉटची बायको’ आणि ‘स्कॉटच्या मुली’ म्हणून ओळखली जातात.

शिळेची साक्ष

दंतकथा बाजूला ठेवून आपण त्या दफनभूमीकडे वळलो, म्हणजे निराळीच हकीकत समोर येते. स्कॉटच्या पत्नीला नाव होते. कॅरोलाइन इझाबेला स्कॉट हे ते नाव. तिचे दफन याच भूमीत झाले. मृत्यूचे वर्ष १८१७, आणि मृत्यूचे कारण पटकी नसून बाळंतपण होते.

पटकीची गोष्ट या वर्षाशी जुळतही नाही. ज्या महाभयंकर साथीने पटकीचे नाव जगभर पोहोचविले, ती १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे उद्भवली. त्याच वर्षाच्या अखेरीस मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत तिने हाहाकार उडविला. दक्षिणेत आणि मुंबईत ती पोहोचली ती १८१८ साली. म्हणजे कॅरोलाइन स्कॉट बाळंतपणात वारली, त्या वर्षी ही साथ कावेरीकाठी आलेलीच नव्हती.

मग खरी घटना बदलून पटकी कशी आली? याचे उत्तर मानवी स्वभावात शोधावे लागते. बाळंतपणात स्त्रीने प्राण गमावणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. वाड्यात, झोपडीत, छावणीत, कोठेही ती घडे; तिच्यावर कोणी काव्य रचीत नसे. याउलट एका फटक्यात घर रिकामे करणारी साथ, परतलेला नवरा, न हललेल्या खुर्च्या यांत कथेला लागणारे सारे सामान आहे. तेव्हा लोकांनी नित्याचे दुःख टाकले आणि नवलाचे दुःख उचलले. आईच्या यातनेच्या जागी बापाचे गूढ आले. आणि ज्या बाळाला जन्म देताना ती गेली, ते बाळ कथेतून पार पुसले जाऊन त्याच्या जागी खेळत्या-बागडत्या काल्पनिक मुली आल्या. मूल हरवले ते असे.

नोंदवहीच्या फटी

अशा हरवलेल्या मुलाचा शोध घ्यावयाचा तर तो कसा घेतात, हे जाणून घेणे मनोरंजक ठरेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रत्येक ठाण्यावरील पाद्री तीन प्रकारच्या नोंदी ठेवी: बाप्तिस्मे, विवाह आणि दफने. या नोंदींच्या नकला मद्रास, मुंबई व कलकत्ता या तीन इलाख्यांच्या ठिकाणी जमा होत आणि तेथून जहाजाने लंडनला रवाना होत. मद्रास इलाख्याच्या नकला १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून मिळतात. आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेल्या असून श्रीरंगपट्टणच्या नोंदी मद्रासच्या भागात येतात. ज्यांचे पूर्वज हिंदुस्थानात नोकरीस होते अशी कुटुंबे जगाच्या कानाकोपऱ्यातून या नोंदी चाळीत असतात.

दुसरे साधन म्हणजे कबरींवरील लेखांच्या याद्या. पावसाने व शेवाळाने अक्षरे झिजतात हे ओळखून काही चिकाटीच्या माणसांनी गावोगावच्या शिळा वाचून उतरून घेतल्या. मद्रास इलाख्यातील अशा लेखांची ज्युलियन जेम्स कॉटन यांची मोठी यादी १९०५ साली प्रसिद्ध झाली. अनेक ठिकाणी शिळा नष्ट झाल्या आहेत, पण यादीतील ओळ शिल्लक आहे. १९७६ साली तर दक्षिण आशियातील युरोपियन दफनभूमींची काळजी वाहण्यासाठी इंग्लंडमध्ये एक स्वतंत्र संस्थाच निघाली.

तथापि या जाळ्यालाही मोठमोठ्या फटी आहेत, आणि त्यांतून सर्वांत अधिक निसटतात ती मुलेच. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात असा दंडक होता की, बाप्तिस्मा न झालेल्याच्या दफनप्रसंगी अंत्यविधीच्या प्रार्थना म्हणू नयेत. जन्मतःच किंवा दोन-चार दिवसांत दगावलेले मूल पुष्कळदा बाप्तिस्म्यापूर्वीच जाई. त्याचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत येत नसे, आणि दफनाच्या वहीत येण्याचीही शाश्वती नसे. आई दगावली तर तिच्या शिळेवरचा ‘बाळंतपणात’ एवढा उल्लेख हाच त्या जीवाचा पुरावा.

साध्या शिपायांच्या मुलांची स्थिती याहून कठीण. त्यांच्या आया बहुधा याच देशातील स्त्रिया असत. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाचे नाव व पलटण सविस्तर लिहिलेली, आणि आईच्या जागी केवळ ‘देशी स्त्री’ असे मोघम शब्द, किंवा तेही नाहीत, असा प्रकार वारंवार आढळतो. बाप लढाईत पडला किंवा तापाने गेला की ही मुले उघड्यावर पडत. त्यांच्यासाठी मद्रासला अनाथगृहे निघाली. तेथील मुलग्यांच्या अनाथगृहात १७८९ पासून डॉ. अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलाने लहान मुलास शिकवावे ही पद्धत चालू केली. वाळूवर बोटाने अक्षरे गिरविणारी आपल्याकडील शाळकरी मुले पाहून त्यांना ती सुचली, आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती पुढे इंग्लंडातही गेली. पलटणींतील अनाथ मुलांनी जगाला एक शिक्षणपद्धती दिली. त्यांतील कित्येकांच्या आयांची नावे मात्र कोणत्याही कागदावर नाहीत.

त्याच बेटावरचे दुसरे मूल

श्रीरंगपट्टणच्या याच वर्षांत तेथे आणखी एक मूल वाढत होते. ते स्कॉटच्या वर्गातले नव्हते. ते पराभूतांच्या बाजूचे होते. त्याची हकीकत मराठी वाचकांस विशेष जवळची वाटेल.

चन्नगिरीचा धोंडजी वाघ हा मराठा घराण्यातील पुरुष. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘धोंडिया वाघ’ असे येते. टिपूने त्याला श्रीरंगपट्टणच्या बंदिखान्यात टाकले होते. १७९९ साली किल्ला पडताच तो सुटला, त्याने विखुरलेले स्वार गोळा केले आणि स्वतंत्र सत्ता मांडण्याचा घाट घातला. १८०० च्या जूनअखेर त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना लढाईत ठार केले. हे धोंडोपंत म्हणजे बापू गोखल्यांचे चुलते. अखेर १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगल येथे आर्थर वेलस्लीच्या घोडदळाशी झालेल्या लढाईत धोंडजी स्वतः पडला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

लढाईनंतर धोंडजीच्या सामानसुमानात सुमारे चार वर्षांचा एक मुलगा सापडला. सलाबतखान हा धोंडजीचा दत्तक किंवा लाडका मुलगा मानला जाई. वेलस्लीने त्याला आपल्या तंबूत आणविले व त्याचा सांभाळ केला. १८०५ साली हिंदुस्थान सोडताना त्याने मुलाच्या शिक्षणासाठी व निर्वाहासाठी काही रक्कम श्रीरंगपट्टणचे न्यायाधीश व कलेक्टर कर्नल सायमन्स यांच्या स्वाधीन केली. सायमन्स निवृत्त झाल्यावर म्हैसूरचे रेसिडेंट कोल यांनी त्याची जबाबदारी घेतली आणि त्याला म्हैसूरच्या राजांच्या नोकरीस लावले. सलाबतखान १८२२ साली मरण पावला, तो पटकीने.

दैवाचा हा उलटा न्याय लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या घरी पटकी आली नाही, त्या घराला दंतकथेने पटकी चिकटविली. आणि ज्या तरुणाला पटकीने खरोखर नेले, त्याची कथा सांगत बेटावर कोणी फिरत नाही. असे असूनही सलाबतखानाचे आयुष्य आपणांस वर्षावर्षाने सांगता येते. याचे कारण एवढेच की, वेलस्लीच्या पत्रव्यवहाराचे संपादन करणाऱ्याने त्याची चार ओळींची हकीकत लिहून ठेवली. या चार ओळी नसत्या, तर धोंडजीला मुलगा होता हेही आज कोणास ठाऊक नसते.

दफनभूमी हरवते कशी

माणसे हरवतात तशा दफनभूमीही हरवतात, आणि त्या दोन प्रकारे हरवतात. शहर वाढत असेल तर त्यांच्यावर बांधकाम होते. वस्ती ओसरली तर त्यांना रान गिळते.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. कुलाब्याच्या दिशेने, मेंडम्स पॉइंट येथे, इंग्रजांची मुंबईतील सर्वांत जुनी दफनभूमी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई पाहून गेलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने त्या वेळच्या इंग्रजांतील एक म्हण नोंदविली आहे. तिचा आशय असा की, येथे आलेल्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरते. मुलांविषयीचे त्याचे निरीक्षण तर याहून दारुण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास किल्ल्याची तटबंदी मजबूत करताना ही दफनभूमी नाहीशी झाली. आज त्या भागात चित्रपटगृहे व मैदाने आहेत. खाली कोण झोपले आहे याची जाणीव वरून जाणाऱ्या एकालाही नसते. तिच्यानंतरची सोनापूरची दफनभूमीही भरली व बंद झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात शिवडीला नवी जागा घ्यावी लागली.

श्रीरंगपट्टण हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. बेटावरची हवा फौजेला मानवेना. तापाने माणसे एकामागून एक आजारी पडत. या तापाचे कारण डास आहेत हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत सिद्ध केले ते १८९७ साली. तोवर सारा दोष ‘वाईट हवे’वर जाई. १८०९ च्या सुमारास फौजेचे मुख्य ठाणे बंगळूरला हलले. गाव ओसरले. टिपूचा लाल महाल उतरविण्यात आला आणि त्याचे लाकूड निलगिरीवर नेऊन उटकमंडच्या सेंट स्टीफन चर्चसाठी वापरले गेले. १८८१ साली म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत मिळाले, तेव्हा बंगळूरच्या छावणीच्या मोबदल्यात बेटही म्हैसूरकडे आले. मागे राहिलेल्या कबरींना आता नातेवाईक उरले नव्हते. ज्यांचे होते ते सात समुद्रांपलीकडे होते आणि त्यांच्याही पिढ्या सरल्या होत्या. मनोऱ्यांना पिंपळ फुटले, शिळा निखळल्या, झुडपांनी वाटा बुजविल्या.

दोन शतकांनंतर आलेले वारस

या दफनभूमीचा उद्धार झाला तो अनपेक्षित दिशेने. येथील सुमारे तीनशे कबरींपैकी सुमारे ऐंशी कबरी एका स्विस पलटणीशी संबंधित आहेत. १७८१ साली न्यूशातेलच्या शार्ल-दानिएल द म्यूरों या सरदाराने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीसाठी ही पलटण उभारली. ती सिलोनात असताना, १७९५ साली, इंग्रजांच्या नोकरीत आली आणि १७९९ च्या वेढ्यात लढली. १८०६ मध्ये ती हिंदुस्थान सोडून गेली, पुढे कॅनडात लढली आणि १८१६ साली तेथेच मोडण्यात आली. तिच्यातील काही शिपाई कॅनडाच्या रेड नदीकाठी वसाहत करून राहिले. कावेरीच्या काठी पडलेल्यांची आठवण कोणी काढील असे वाटण्याजोगे काही नव्हते.

तरीही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात द म्यूरों कुळातील वंशज स्वित्झर्लंडहून श्रीरंगपट्टणला आले. आपल्या पूर्वजाच्या पलटणीतील माणसांच्या कबरी रानात लोपलेल्या पाहून त्यांनी पुढाकार घेतला. स्थानिक मदतीने झाडोरा काढण्यात आला, ढासळलेली बांधकामे सावरली गेली, चुन्याचे काम झाले आणि भूमीला पुन्हा आकार आला. स्विस कबरींसाठी केलेल्या या कामाने इतर कबरीही उजेडात आणल्या. जी भूमी कॅरोलाइन स्कॉटला पोटात घेऊन रानात दडली होती, ती अशी दोन शतकांनी परक्या घराण्याच्या हातून मोकळी झाली.

मृताचा शोध घेत आलेल्या नातलगांची श्रीरंगपट्टणला ही पहिली वेळ नव्हे. हैदरच्या कैदेत १७८२ साली मरण पावलेल्या कर्नल विल्यम बेलीचे स्मारक गुंबजाजवळ उभे आहे. ते १८१६ साली त्याच्या पुतण्याने बांधविले. हा पुतण्या त्या वेळी दूर लखनौला रेसिडेंट होता. चुलत्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी त्याने हे ऋण फेडले.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. हे लोक परके होते, जेते होते. त्यांच्या कबरी आपण का जपाव्यात? जेत्यांचा गौरव करावा म्हणून त्या जपावयाच्या नाहीत, हे उघड आहे. त्या भूमीत सेनापती थोडे आहेत. स्त्रिया, मुले आणि तापाने गेलेली विशी-पंचविशीतली पोरे पुष्कळ आहेत. त्यांनी साम्राज्याचे बेत आखले नव्हते. शिवाय त्या काळच्या रोगराईचा व कुटुंबजीवनाचा कागद आज आपल्याच हाती आहे. तो फाटू दिला तर नुकसान आपल्याच इतिहासाचे होईल.

मराठी घरांतील निनावी मुले

आता हाच दिवा आपल्या घरात फिरवून पाहू. जुन्या पिढीतील आजीबाईंना ‘मुले किती?’ असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळे, ‘आठ झाली, पाच राहिली.’ त्या न राहिलेल्या तिघांची नावे किती घरांना ठाऊक आहेत? नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर आणि काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे सापडतात, पण ती बहुधा वाढलेल्या पुरुषांची. लेकींची नावे विरळा, आणि तान्ह्यांची जवळजवळ नाहीतच. आपल्या रीतीप्रमाणे अगदी लहान मुलाचे दहन करीत नाहीत. त्याला भूमीत ठेवतात आणि त्यावर शिळा बसवीत नाहीत. इंग्रजांचे मूल बाप्तिस्म्यापूर्वी गेले की वहीत येत नसे. आपले मूल बारशापूर्वी गेले की त्याला नावच मिळत नसे. जेते आणि जित यांच्यात कितीही अंतर असो, पाळण्यापाशी दोघांचे दुःख आणि दोघांचे विस्मरण सारखेच होते.

अशाच एका मुलाने महाराष्ट्राचा इतिहास बदलला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याने त्यांचा मुलगा दहाव्या दिवशी गेला. बारसे बाराव्या दिवशी असते. त्या दहा दिवसांच्या दुःखातून आनंदीबाईंनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला, अमेरिका गाठली आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या रक्षेचा अंश अमेरिकेतील त्यांच्या मानलेल्या मावशी, थिओडिशिया कार्पेंटर, यांच्याकडे पाठविण्यात आला. कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या जागेत ती ठेवली व वर शिळा उभी केली. त्या दूरच्या दफनभूमीत एक मराठी नाव आजही वाचता येते. परक्यांनी आपले नाव जपले. कावेरीकाठी परक्यांचे नाव जपणे, ही त्याचीच परतफेड म्हणावी.

आज आपल्या हाती काय आहे

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे दीडशे मुले पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. लस, स्वच्छ पाणी, प्रशिक्षित परिचारिका आणि रुग्णालयातील बाळंतपण यांनी ही किमया केली. परंतु मोजणीशिवाय सुधारणा होत नाही. कोठे, किती मुले आणि का दगावली, हे कळले तरच उपाय योजता येतो. म्हणून १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद सक्तीची केली. त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. ती टळली तरी उशिराने नोंद करता येते. जन्मतः मृत असलेल्या मुलाचीही नोंद करण्याची तरतूद त्यात आहे. पुष्कळ कुटुंबे दुःखाच्या भरात किंवा ‘आता काय उपयोग?’ या भावनेने ही नोंद टाळतात. ती टाळू नये. ती कोरडी सरकारी औपचारिकता वाटली, तरी एक जीव येऊन गेला याची देशाने दिलेली ती पोच असते.

दुसरे काम घरातले आहे आणि त्याला कोणत्याही कचेरीत जावे लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी निवांत बसावे आणि त्यांना विचारावे: किती भावंडे होती? कोण कधी गेले? कशाने गेले? त्याला काय हाक मारीत? उत्तरे वहीत लिहावीत, वर्षे अंदाजाने का होईना घालावीत, आणि वहीची एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. जुने फोटो, पत्रे व पत्रिका यांच्या मागे नावे लिहावीत. या आठवणी सांगणारी पिढी आता मावळतीला आहे. ती गेली की त्या नावांना दुसरा साक्षीदार नाही.

स्कॉटच्या बंगल्यात एका स्त्रीने बाळाला जन्म देताना प्राण सोडला, एवढीच खरी गोष्ट होती. ती वेळीच कोणी साध्या शब्दांत सांगत राहिले असते, तर तिच्यावर पटकीचे, वेडाचे आणि गूढाचे थर चढले नसते. दफनभूमी रानातून परत मिळविता येते. त्यासाठी कुऱ्हाड, चुना आणि चार जिव्हाळ्याची माणसे पुरतात. न लिहिलेले नाव मात्र कोणत्याही रानात शोधून सापडत नाही. ते वेळेवर लिहावे लागते.